शेवटच्या तीन आऊटचा माणूस : मारियानो रिव्हेरा

सह्यकडा
शुक्रवार, रात्री ९:४०

बेसबॉलवर इथे फारसं कोणी लिहीत नाही, त्यामुळे हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. काल कपाट आवरताना २०११ च्या उन्हाळ्यातलं यांकी स्टेडियमचं तिकीट सापडलं. मागे बाबांच्या अक्षरात फक्त "४२" लिहिलेलं, रिव्हेराचा क्रमांक. मग बसलोच लिहायला.

त्या वर्षी आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. बाबा वीज मंडळात लाइनमन होते, एकतीस वर्षं. खेळाची आवड, पण क्रिकेट आणि कबड्डीपुरती. आठव्या इनिंगपर्यंत ते कंटाळून गेले होते. उजवीकडच्या कुंपणामागे बसलेल्या खेळाडूंकडे बोट दाखवून म्हणाले, "ती पोरं कधीची नुसती बसून आहेत. खेळत का नाहीत?"

मी सांगितलं, ते रिलीफ पिचर, म्हणजे बदली चेंडू टाकणारे. त्या जागेला बुलपेन म्हणतात. तिथे एक फोन असतो. आधीचा पिचर दमला किंवा अडचणीत आला की डगआऊटमधून फोन येतो, एक जण उठतो, दहा-वीस चेंडू टाकून हात गरम करतो आणि बोलावलं की जातो.

बाबा सावरून बसले. म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की. फोन आला की खांबावर."

नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला न्यू यॉर्क यांकीजचा रिव्हेरा आला. मान थोडी खाली, सावकाश पळत, कुठेही घाई नाही. तीन बॅटर, तीन आऊट, सामना संपला. जेमतेम दहा मिनिटं. परतीच्या ट्रेनमध्ये बाबांनी दुसऱ्या कशाबद्दल बोलूच दिलं नाही.

आता थोडं त्याच्याबद्दल.

जन्म १९६९ चा, पनामाचा. पनामा सिटीच्या पश्चिमेला पोर्तो काइमितो नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथे वाढला. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान. पोरं दुधाच्या खोक्याचे ग्लोव्ह करायची, झाडाच्या फांदीची बॅट. शाळा सुटल्यावर हा वडिलांच्या बोटीवर कामाला लागला. एकदा बोट बुडाली आणि सगळ्यांना ती सोडून जीव वाचवावा लागला, तेव्हा हा विशीच्या आतला. गावच्या संघात तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, पिचर नव्हताच. एका सामन्यात पिचरला मार बसत होता म्हणून हा चेंडू टाकायला उभा राहिला. तिथून बातमी यांकीजच्या हर्ब रेबर्न या स्काऊटपर्यंत (खेळाडू हेरणारा) गेली. रेबर्ननं त्याला आधी शॉर्टस्टॉप म्हणून पाहून सोडून दिलं होतं. पिचर म्हणून पाहिलं तेव्हाही वेग ताशी १४० किलोमीटरच्या आतच होता, पण हात इतका सहज फिरत होता की फेब्रुवारी १९९० मध्ये दोन-तीन हजार डॉलरवर करार झाला. अमेरिकेत उतरला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. पहिल्याच मोसमात, अगदी तळाच्या लीगमध्ये, ५२ इनिंगमध्ये त्याच्यावर फक्त एक अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाच्या चुकीशिवाय दिलेला रन) झाला.

सरळ रस्ता मात्र नव्हता. १९९२ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी दोन नवे संघ मेजर लीगमध्ये येणार होते, त्यांना इतर संघांचे असंरक्षित, म्हणजे राखून न ठेवलेले खेळाडू उचलता येत होते. यांकीजनी याला असंरक्षित ठेवलं आणि दोघांपैकी कोणीही त्याला घेतलं नाही! २३ मे १९९५ ला मेजर लीगमधला पहिला सामना, स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून. सव्वातीन इनिंगमध्ये पाच रन दिले आणि थोड्याच दिवसांत खालच्या लीगला परत. तिथे अचानक वेग ताशी १५२ किलोमीटरपर्यंत गेला. जनरल मॅनेजर जीन मायकल त्याला डेट्रॉइटला देऊन डेव्हिड वेल्सला आणायच्या विचारात होते. वेगाचा तो आकडा बघून ते थांबले.

१९९६ मध्ये तो क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) जॉन वेटलंडच्या आधी, सातव्या-आठव्या इनिंगला यायचा. १०७ इनिंगच्या वर चेंडू टाकले, १३० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), आणि यांकीज विश्वविजेते. १९९७ पासून तो क्लोजर. पुढची सतरा वर्षं तेच काम, तोच संघ, जवळजवळ एकच चेंडू. ६५२ सेव्ह, १,११५ सामने, अर्न्ड रन ॲव्हरेज (दर नऊ इनिंगमागे) २.२१. पाच वेळा जगज्जेता संघ. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ४२५ जणांनी मतं दिली, ४२५ च्या ४२५ त्याला. असं आधी कोणाचंच झालं नव्हतं, बेब रूथचंही नाही.

हे आकडे कुठेही मिळतील. मला लिहायचंय ते त्याच्या हरलेल्या रात्रींबद्दल. क्लोजर जिंकला तर ते त्याचं कामच असतं. हरला तर नऊ इनिंगची सगळ्यांची मेहनत त्याच्या एकट्याच्या नावावर बुडते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला की परत जायचं असतं. रिव्हेराची मोठाई मला त्या दुसऱ्या दिवसात दिसते.

४ नोव्हेंबर २००१, फिनिक्स. वर्ल्ड सिरीजचा (मोसमाची अंतिम मालिका) सातवा सामना, ॲरिझोना डायमंडबॅक्ससमोर. दोन महिन्यांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अख्खं शहर त्या संघाकडे डोळे लावून बसलेलं. यांकीज २-१ पुढे. रिव्हेरा आठव्या इनिंगलाच आला, तीन स्ट्राइकआउट घेतले. त्याआधी पोस्टसीझनमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) लागोपाठ २३ सेव्ह त्यानं पूर्ण केले होते. नवव्या इनिंगला मार्क ग्रेसचा सिंगल. मग मिलरचा बंट (बॅट नुसती टेकवून हळू मारलेला चेंडू), चेंडू अगदी रिव्हेराच्या हातात, आणि दुसऱ्या बेसकडे केलेली फेक बाहेर गेली. त्याची स्वतःची चूक. मग वोमॅकचा डबल, बरोबरी. मग बेसेस भरलेले, आऊट एकच, इनफील्ड (जवळचे क्षेत्ररक्षक) पुढे ओढलेलं, आणि लुईस गॉन्झालेझच्या बॅटच्या मुठीजवळ लागून चेंडू शॉर्टस्टॉप जीटरच्या डोक्यावरून मागे टपकला. सामना संपला. चांगला पडलेला चेंडू होता तो! इनफील्ड नेहमीच्या जागी असतं तर साधा झेल होता.

पत्रकार आले तेव्हा रिव्हेरा आपल्या लॉकरसमोर होता. प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. कोणावर ढकललं नाही.

याला एक जोडकथा आहे. त्याचा सहकारी एन्रिके विल्सन जिंकल्यावर मिरवणुकीसाठी थांबणार होता आणि नंतरच्या विमानानं डोमिनिकन रिपब्लिकला घरी जाणार होता. हरल्यामुळे मिरवणूक नाही, तो आधीच्या विमानानं घरी गेला. १२ नोव्हेंबरला ते विमान, फ्लाइट ५८७, क्वीन्समध्ये कोसळलं. रिव्हेरा पुढे म्हणाला की आपण हरलो याचा मला आनंद आहे, माझा मित्र जिवंत राहिला.

ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांनीही जरूर लिहा.

---

जास्वंद
शुक्रवार, रात्री १०:१५

सह्यकडा, बाबांचं "फोन आला की खांबावर" वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेजारी एक लाइनमन काका राहायचे. पावसात रात्री त्यांच्या दारावर थाप पडली की आम्हालाही जाग यायची.

मला बेसबॉल कळत नाही. सेव्ह म्हणजे नक्की काय?

---

सह्यकडा
शुक्रवार, रात्री १०:३२

जास्वंदताई, सोपं आहे. आपला संघ पुढे आहे, पण आघाडी थोडी आहे. अशा वेळी जो पिचर येऊन शेवटपर्यंत ती टिकवतो, त्याला सेव्ह. साधारण नियम असा की आघाडी तीन रनांपेक्षा जास्त नको आणि त्यानं निदान एक पूर्ण इनिंग टाकायला हवी. बेसवर माणसं असतील तर वेगळा हिशोब, आणि शेवटच्या तीन इनिंग नीट टाकल्या तर आघाडी मोठी असली तरी चालतं. ज्याच्या नावावर विजय लागतो त्याला सेव्ह मिळत नाही. कल्पना शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची, १९६९ पासून अधिकृत मोजणी.

आघाडी हातातून गेली तर त्याला ब्लोन सेव्ह म्हणतात. तेही मोजतात.

---

लेगकटर
शुक्रवार, रात्री ११:०५

"जवळजवळ एकच चेंडू" यावर लिहायलाच हवं. मी क्लब क्रिकेटमध्ये पंधरा वर्षं मध्यमगती टाकली आहे, नाव त्यावरूनच घेतलंय.

आपला लेगकटर टप्पा पडल्यावर गोलंदाजाच्या डावीकडे जातो, म्हणजे उजव्या बॅट्समनपासून बाहेर. त्यासाठी बोटं चेंडूवरून ओढावी लागतात आणि खेळपट्टीची मदत लागते. रिव्हेराचा तो एकच चेंडू म्हणजे कटर, तोही त्याच दिशेला जायचा, पण टप्प्याशिवाय. हवेतच, शेवटच्या क्षणी, चार-सहा इंच. माउंडपासून (पिचरचा उंचवटा) प्लेटपर्यंत (बॅटरची जागा) साडेसाठ फूट, वेग ताशी १४५ ते १५०. बॅटरला दिसतो साधा सरळ वेगवान चेंडू, तो तसाच बॅट फिरवतो आणि चेंडू बॅटच्या जाड भागाऐवजी मुठीपाशी येतो.

डावखुऱ्या बॅटरची तर पंचाईतच, कारण त्याच्यासाठी हा चेंडू आत येतो. लाकडी बॅट मुठीपाशी लागली की मोडते. १९९९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये अटलांटाच्या रायन क्लेस्कोच्या एकाच पाळीत तीन बॅटी मोडल्या होत्या. त्याचाच सहकारी चिपर जोन्स डगआऊटमध्ये हसताना दिसतो.

पकड बघितली तर काही विशेष नाही. नेहमीच्या वेगवान चेंडूची पकड, फक्त बोटं मध्यापासून किंचित सरकलेली आणि मधल्या बोटाचा दाब जास्त. १९९७ च्या जूनमध्ये रामिरो मेंडोझाबरोबर सहज फेकाफेकी करताना चेंडू आपोआप वळायला लागला. मेंडोझा वैतागला, की बाबा सरळ टाक. पिचिंग कोच मेल स्टॉटलमायरबरोबर तो चेंडू परत सरळ करायचा प्रयत्नही केला. जमलं नाही आणि सोडून दिलं. रिव्हेरा देवभक्त माणूस, ती देणगी वरून आली असंच तो कायम सांगत आला.

---

शतपावली
शनिवार, सकाळी ७:५०

लेख चांगला आहे, पण मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे.

एक इनिंग टाकणाऱ्याला सर्वकालीन महान म्हणणं मला पटत नाही. रिव्हेराच्या काळात चांगला स्टार्टर एका मोसमात २०० इनिंग टाकायचा. रिव्हेराच्या सगळ्या कारकिर्दीच्या मिळून १,२८३. पूर्वीचे रिलीफ पिचर दोन-दोन, तीन-तीन इनिंग टाकायचे, बेसवर माणसं असताना यायचे. जुन्या काळचे रिलीफ पिचर गूस गॉसेज यांनी ही तुलना उघडपणे बोलून दाखवली आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मॅनेजर टोनी ला रुसा यांनी ओकलंडला पिचर डेनिस एकर्स्लीला फक्त नवव्या इनिंगसाठी वापरायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्यांनी तेच उचललं. तीन रनांची आघाडी घेऊन कोऱ्या इनिंगला येणं बऱ्याच जणांना जमतं. आणि ब्लोन सेव्ह ८० आहेत, तेही सांगायला हवं.

राग नसावा.

---

सह्यकडा
शनिवार, सकाळी ८:२०

शतपावली, राग कशाचा. सेव्ह या आकड्यात खोट आहे हे मलाही मान्य आहे. तीन रनांची आघाडी आणि एक रनाची आघाडी त्यात सारखीच मोजली जाते.

म्हणून मी ६५२ वर फार भर देत नाही. पोस्टसीझन बघा. ९६ सामने, १४१ इनिंग. म्हणजे सरासरी दर सामन्याला जवळपास दीड इनिंग. ऑक्टोबरमध्ये त्याला आठव्यातच बोलवायचे, बेसवर माणसं असताना. त्या १४१ इनिंगमध्ये अर्न्ड रन ११, होमरन दोन. ॲव्हरेज ०.७०. आणि समोर नेहमी त्या वर्षीचे सगळ्यात चांगले संघ.

२००३ मध्ये वर्ल्ड सिरीजला कोण जाणार ते ठरवणाऱ्या मालिकेत, बोस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात बरोबरीत असताना त्यानं तीन इनिंग टाकल्या. यांकीजच्या ॲरन बूननं विजयी होमरन मारल्यावर सगळे बूनकडे धावले. हा एकटा माउंडवर धावत गेला आणि जमिनीला कपाळ टेकून रडला.

---

बोस्टनकर
शनिवार, सकाळी ९:४५

२००३ ची आठवण काढलीत, मग पुढचं वर्ष मी सांगतो. आमचं घर वीस वर्षं बोस्टनजवळ आहे आणि आम्ही रेड सॉक्सचे.

ऑक्टोबर २००४. पुन्हा वर्ल्ड सिरीजला कोण जाणार ते ठरवणारी मालिका, यांकीज ३-० पुढे, चौथ्या सामन्यात ४-३ पुढे, नववी इनिंग, रिव्हेरा माउंडवर. बायको झोपायला गेली होती. मीही टीव्ही बंद करणार होतो. आमच्या केव्हिन मिलारला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिला बेस) मिळाला. त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. फेनवे, म्हणजे बोस्टनच्या मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा दुसरा बेस चोरणार. रिव्हेरालाही. त्यानं पहिल्या बेसवर फेक केली. परत केली. तिसऱ्यांदा केली. मग बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचरची फेक चांगली होती, जीटरनं चेंडू अंगाला टेकवून टॅगही लावला, पण रॉबर्ट्सचा हात आधी पोचला होता. मग बिल मुलरचा सिंगल रिव्हेराच्या बाजूनं मध्यातून गेला, बरोबरी. बाराव्या इनिंगला ऑर्टिझचा होमरन, तेव्हा रात्रीचा सव्वा वाजून गेला होता. पुढचे तिन्ही सामने जिंकून आम्ही वर्ल्ड सिरीजला गेलो आणि १९१८ नंतर पहिल्यांदा जिंकलो.

पण मला सांगायचंय ते एप्रिल २००५ चं. फेनवेवर मोसमाचा पहिला सामना, समोर यांकीज, विजेतेपदाच्या अंगठ्या वाटायचा दिवस. पाहुण्या संघाची नावं पुकारली जात होती. रिव्हेराचं नाव आल्यावर अख्ख्या मैदानानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुझ्यामुळे जिंकलो, या अर्थानं. तो मनापासून हसला आणि टोपी काढून सगळ्यांना अभिवादन केलं. मी स्टँडमध्ये होतो. टाळी सुरू केली ती खिजवायला, हे कबूल करतो. तो हसल्यावर तीच टाळी वेगळी झाली. त्या दिवसापासून मी त्याच्याविरुद्ध कधी ओरडलो नाही.

---

सह्यकडा
शनिवार, सकाळी १०:१०

बोस्टनकर, मनापासून आभार. त्या मालिकेचं एक सांगायचं राहिलं. ती सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी पनामात रिव्हेराच्या घरच्या पोहण्याच्या तलावात विजेचा धक्का बसून त्याच्या बायकोच्या नात्यातले बाप-लेक गेले. तो अंत्यसंस्काराला गेला, तिथून विमानानं थेट न्यू यॉर्कला आला, पहिला सामना सुरू झाल्यावर स्टेडियमला पोचला आणि त्याच रात्री सेव्ह घेतला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. विजेनं माणसं गेलेली त्यांनी जवळून पाहिली आहेत.

---

जास्वंद
शनिवार, दुपारी १२:३०

मी रात्री दोन वाजेपर्यंत त्याचे व्हिडिओ बघत बसले होते! ते ४२ चं काय आहे? एप्रिलमध्ये एके दिवशी सगळ्याच खेळाडूंच्या पाठीवर ४२ दिसतो.

---

लेगकटर
शनिवार, दुपारी १:१०

ताई, ४२ हा जॅकी रॉबिन्सन यांचा क्रमांक. आधुनिक मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, १९४७. पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९९७ मध्ये, सगळ्या संघांनी तो क्रमांक निवृत्त केला. ज्यांच्या अंगावर तेव्हा होता त्यांना मात्र ठेवायची मुभा होती. एकेक करून ते सगळे थांबले, शेवटी रिव्हेरा एकटा उरला. तुम्ही पाहिलात तो १५ एप्रिलचा दिवस, तेव्हा सगळे रॉबिन्सन यांच्या आठवणीत ४२ घालतात.

आणखी एक, रॉय हॅलडेची गोष्ट. २००८ च्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्याच्या वेळी टोरोंटोचा पिचर हॅलडेनं रिव्हेराला विचारलं की तुझा कटर कसा धरतोस. रिव्हेरानं दाखवला, काहीही हातचं न राखता. हॅलडेनं एका चेंडूवर आपल्या बोटांभोवती पेननं रेघा काढून घेतल्या आणि तो चेंडू जवळ ठेवला. टोरोंटो आणि यांकीज एकाच विभागात, वर्षातून कितीतरी वेळा समोरासमोर! यांकीजच्या खेळाडूंनी आपसात रिव्हेराला त्याबद्दल दंड केला. २०१० मध्ये हॅलडेनं परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर जाऊ न देता) टाकला. २०१७ मध्ये तो स्वतः चालवत असलेलं विमान पडून गेला. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दोघांची नावं एकत्रच आली.

मी मुलांना शिकवतो. कोणी पकड विचारली की मला तो रेघांचा चेंडू आठवतो.

---

रानवारा
शनिवार, दुपारी ४:००

रिलीफ पिचरच्या धाग्यावर आपल्या रिंकू सिंगचंही (क्रिकेटवाला नव्हे) नाव यायला हवं. उत्तर प्रदेशातला भालाफेक करणारा डावखुरा मुलगा. २००८ मध्ये एका अमेरिकन एजंटनं भारतात वेगवान फेकीची स्पर्धा घेतली, तिथून तो आणि दिनेश पटेल अमेरिकेला गेले. आधी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता. वर्षाच्या आत पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. रिंकू खालच्या लीगमध्ये काही मोसम रिलीफ पिचर म्हणून खेळला, मग दुखापतींनी थांबवलं आणि पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला. मेजर लीगपर्यंत पोचला नाही. पण त्या बुलपेनच्या बाकावर आपल्याकडचा एक जण बसून आला.

सह्यकडा, रिव्हेराचा शेवट कसा झाला ते लिहा ना. गुडघ्याचं काहीतरी ऐकलं होतं.

---

सह्यकडा
शनिवार, संध्याकाळी ६:२५

रानवारा, हो. ३ मे २०१२, कॅन्सस सिटी. सामन्याआधी फलंदाजीचा सराव चालू असताना तो नेहमीसारखा आऊटफील्डमध्ये झेल घेत पळत होता. त्याला ते लहानपणापासून आवडायचं, सेंटर फील्ड हे त्याचं स्वप्न होतं. भिंतीजवळ पाय मुरगळला आणि गुडघ्यातला लिगामेंट फाटला. वय ४२. सगळ्यांनी धरलं की संपलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं सांगितलं की मी परत येणार, असा जाणार नाही.

आला. २०१३ मध्ये ४४ सेव्ह घेतले, वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी. हे शेवटचं वर्ष असं आधीच जाहीर केलं होतं. त्या वर्षी तो प्रत्येक गावी गेला की तिथल्या पडद्यामागच्या माणसांना भेटायचा. तिकिटं फाडणारे, मैदान राखणारे, स्वयंपाकघरातले. तास-तासभर बसून त्यांचं ऐकायचा. मिनेसोटानं त्याला मोडक्या बॅटींची डुलती खुर्ची करून दिली.

ऑल-स्टार सामना न्यू यॉर्कमध्येच होता. आठव्या इनिंगला तो माउंडवर आला आणि बघतो तर मैदानात कोणीच नाही. दोन्ही संघ आपापल्या डगआऊटच्या कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. एवढ्या मोठ्या हिरवळीवर तो एकटा.

२६ सप्टेंबर, यांकी स्टेडियमवरचा शेवटचा सामना, टँपा बेसमोर. नवव्या इनिंगला दोन आऊट झाल्यावर त्याला काढायला मॅनेजर आला नाही. अँडी पेटिट आणि डेरेक जीटर चालत आले, अठरा-वीस वर्षांचे सोबती. पेटिटनं चेंडू मागितला. रिव्हेरा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला आणि पेटिट त्याला धरून उभा राहिला. सामना संपल्यावर तो एकटाच परत माउंडवर गेला, खाली बसला आणि मूठभर माती उचलून घेतली.

मी ती क्लिप बाबांना पाठवली होती. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "माती कशात ठेवली असेल रे त्यानं?"

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, साताऱ्यालाच असतात. डोळ्यांनी वाचवत नाही फार. उद्या सकाळी त्यांना फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवणार आहे, बोस्टनकरांचा प्रतिसाद सगळ्यात आधी. लेगकटर, जमलं तर त्या पकडीचा एक फोटो इथे टाका. चेंडू कसलाही चालेल, बोटं नीट दिसू देत. वहिनीकडून मोठा करून दाखवायला सांगेन. ते विचारणारच.